फोनचं बटण दाबलं की कानात ‘टक्’ का वाजतं?

आमच्या सोसायटीत गेटवरची केबिन आणि सगळे फ्लॅट यांच्यात जुना इंटरकॉम आहे, तोच तो करड्या रंगाचा, किचनच्या भिंतीला लटकवलेला, ज्याची वायर कायम पिळलेली असते. आता ॲप आलंय, पाहुण्याचा फोटोसुद्धा येतो मोबाईलवर, पण आई इंटरकॉमच वापरते कारण तिला वॉचमनशी बोलायचं असतं, नुसतं ‘अप्रूव्ह’ दाबायचं नसतं. तर गेल्या महिन्यात तिची तक्रार सुरू झाली की “अरे, नंबर दाबला की कानात फटाका फुटतो बघ, प्रत्येक आकड्याला.” मेंटेनन्सवाला आला, हँडसेट बदलून गेला, पैसे घेतले, फटाका तसाच.

मी विचारल्यावर तो म्हणाला, “टोनचा आवाज येतोय तो, येणारच.” इथेच गडबड आहे. टोन वेगळा आणि हा टक् वेगळा, दोन्ही एकाच बटणातून निघतात म्हणून आपण एकच समजतो. हा लेख त्या टक्बद्दल आहे. तो कुठून येतो, कमी कसा करतात, आणि एवढ्याशा आवाजासाठी इंजिनिअर लोकांनी साठ-साठ वर्षं डोकं का खाजवलं.

आधी टोन म्हणजे काय ते बघू

बटण दाबल्यावर जो ‘पीं’ येतो तो एक सूर नाही, दोन सूर एकदम वाजतात. कीपॅडच्या प्रत्येक आडव्या ओळीला एक खालचा सूर दिलाय (697, 770, 852, 941 हर्ट्झ) आणि प्रत्येक उभ्या रांगेला एक वरचा (1209, 1336, 1477, आणि एक चौथा 1633 जो घरच्या फोनवर नसतोच). 5 दाबला की दुसरी ओळ आणि मधली रांग, म्हणजे 770 आणि 1336 एकत्र. एक्स्चेंजमधला रिसीव्हर हे दोन सूर ओळखतो आणि 5 लिहून घेतो. याला डीटीएमएफ म्हणतात. मी पुढे नुसतं टोन म्हणेन.

दोनच का? कारण एकच सूर असता तर कोणी शिट्टी मारली, पोरगं रडलं, कुकर वाजला तरी एक्स्चेंजला वाटलं असतं नंबर आला. दोन ठरावीक सूर, एकाच वेळी, साधारण सारख्याच जोराने, हे माणसाच्या गळ्यातून चुकून निघणं अवघड आहे. आकडेसुद्धा असे निवडलेत की त्यातला कुठलाच दुसऱ्या कुठल्याची पूर्ण पट नाही. अमेरिकेत बेल कंपनीने 1963 च्या नोव्हेंबरमध्ये ही सेवा पहिल्यांदा गिऱ्हाइकांना दिली, तेव्हा बटणं दहाच होती, स्टार आणि हॅश नंतर आले.

या सगळ्यात टक् कुठेच नाही. सूर म्हणजे गुळगुळीत लाट, ती हळुवार वर जाते, खाली येते.

मग टक् येतो कुठून

नळ आठवा. टाकीपासून खाली आलेल्या पाइपला जोर असतो, तुम्ही नळ झटक्यात बंद केलात तर भिंतीत ‘धाड्’ असा आवाज येतो, हळूहळू बंद केलात तर काहीच नाही. पाणी तेच, नळ तोच.

टेलिफोनच्या सर्किटमध्ये पाण्याच्या जागी डीसी आहे, म्हणजे एका दिशेने स्थिर वाहणारी वीज, बॅटरीसारखी. लँडलाइनच्या दोन तारांवर एक्स्चेंज 48 व्होल्ट डीसी लावून ठेवतं, रिसीव्हर उचलला की तो दहाएक व्होल्टपर्यंत खाली येतो आणि तारेतून काही मिलिअँपिअर करंट सुरू होतो. फोनमधले माईक, ॲम्प्लिफायर, टोनची चिप, सगळे याच करंटवर जगतात, म्हणून लाइट गेली तरी जुना फोन चालायचा. आपलं बोलणं म्हणजे या स्थिर पाण्यावर उठलेल्या बारीकशा लहरी. कानाला लहरी ऐकू येतात, स्थिर पातळी कितीही असली तरी ऐकू येत नाही.

पण पातळीने अचानक उडी मारली की ती उडी ऐकू येते. तीच टक्. आणि ही उडी म्हणजे कुठला एक सूर नसतो, अचानक झालेल्या उडीत खालपासून वरपर्यंत सगळ्याच फ्रिक्वेन्सी थोड्या थोड्या भरलेल्या असतात, म्हणून तिला सूर नसतो, नुसता ठोका असतो. अमुक फ्रिक्वेन्सी गाळून टाकली की टक् गेला, असं म्हणूनच होत नाही.

थोडक्यात, स्विचचा दोष नाही. स्विचच्या अलीकडे आणि पलीकडे व्होल्टेज वेगळं आहे हा दोष आहे. दोन्हीकडे पाणी सारख्या पातळीवर असेल तर मधलं दार कितीही जोरात उघडा, काही होत नाही.

आईच्या फोनमध्ये काय निघालं

रविवारी दुपारी फोन भिंतीवरून काढला. (काढताना वायर आधी सुटी केली, तुम्हीही करा, कारण रिंग आली तर त्या तारांवर 75 व्होल्टच्या आसपास एसी येतो आणि नेमका तेव्हाच हात लागलेला असतो. बाहेरच्या कंपनीची लाइन असेल तर उघडूच नका.) नंतर टेबलावर बारा व्होल्टच्या ॲडॉप्टरला एक रेझिस्टर (करंटला आवर घालणारा भाग) जोडून खोटी लाइन बनवली.

आत कंडेन्सर माईक होता, मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा. या माईकला चालायला थोडा डीसी लागतो. मीटर लावला तर माईकच्या टोकावर 2.4 व्होल्ट. बटण दाबून धरलं, शून्य. सोडलं, परत 2.4. झालं, चोर सापडला.

टोन जात असताना माईक बंद पाहिजे म्हणून चिप एका पायावरून ‘म्यूट’ सिग्नल देते, आणि या फोन बनवणाऱ्याने त्या सिग्नलने एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेनेच चालणारा छोटा स्विच, चालवून माईकचा सप्लायच तोडला होता. स्वस्त आणि सोपं. पण माईकमधून बोलण्याचे येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, आणि बटण दाबल्यावर त्याच जागी येते 2.4 व्होल्टची उडी, म्हणजे बोलण्याच्या शेकडो पट. पुढचा ॲम्प्लिफायर बिचारा तीही इमानदारीत मोठी करून पाठवतो.

आता कोणी म्हणेल माईकचा टक् आईच्या कानात कसा, तो तर पलीकडच्याला जायला हवा. पलीकडच्यालाही जातोच. पण फोनमध्ये आपला आवाज थोडासा आपल्याच कानात मुद्दाम सोडलेला असतो, साइडटोन म्हणतात त्याला, तो नसेल तर फोन मेल्यासारखा वाटतो आणि माणूस ओरडायला लागतो. त्याच वाटेने टक् परत येतो.

माईक बंदच का करायचा मग? चालू राहू दे की

नाही चालत. आई नंबर दाबताना बोलत असते, “थांब गं, वॉचमनला विचारते”, मागे मिक्सर चालू असतो, हे सगळं टोनमध्ये मिसळलं तर एक्स्चेंजमधल्या रिसीव्हरला दोन शुद्ध सूर मिळत नाहीत आणि आकडा हुकतो. शिवाय टोन कानात पूर्ण जोराने आला तर तोही त्रासच.

हे दुखणं टोनच्या आधीपासूनचं आहे. गोल डायलचा काळा फोन आठवत असेल तर, त्यात डायल परत येताना लाइन खरोखर तुटायची आणि जुळायची, सेकंदाला दहा वेळा, 5 साठी पाचदा, 0 साठी दहादा. प्रत्येक तुटण्याला 48 व्होल्टचा धक्का. तरी कानात काही यायचं नाही, कारण डायल जागेवरून हलली की आत एक पत्ती कानाचा स्पीकर शॉर्ट करायची आणि डायल जागेवर परतली की सोडायची. साधी पितळी पत्ती, पण क्रम अचूक. आधी कान झाकला, मग धक्के, मग कान उघडला. नंतर आलेल्या काही स्वस्त बटणवाल्या फोनमध्ये, ज्यांच्या कडेला पल्स-टोनचं सरकतं बटण असायचं, पल्सवर ठेवलं की कानात टकटकटकटक यायचं, ते ही पत्ती किंवा तिची इलेक्ट्रॉनिक बहीण नीट काम करत नसायची म्हणून.

आणि एक गंमत. बेलच्या पहिल्या टोनवाल्या फोनमध्ये चिप नव्हती, एक ट्रान्झिस्टर आणि तारेची वेटोळी होती. बटण पूर्ण दाबलं की वेटोळ्यांतून आधीच वाहणारा डीसी झटकन तोडायचे, त्या धक्क्याने वेटोळी घंटेसारखी वाजायला लागायची आणि टोन पहिल्या क्षणापासून पूर्ण जोरात मिळायचा. म्हणजे ज्या उडीला आपण शिव्या देतोय तिच्यावरच त्यांनी टोन सुरू केला! फक्त त्याच वेळी, त्याच स्विचने माईक तोडला आणि कानाच्या वाटेत अडथळा टाकला. धक्का असणं चुकीचं नाही, तो कुठे जातो ते बघायचं.

उपाय, आणि माझा अर्धवट जुगाड

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पातळी सारखी करणं. माईकचा सप्लाय हात न लावता चालू ठेवायचा, आणि म्यूट पुढे करायचं, जिथे कपॅसिटरने डीसी अडवलेला असतो आणि फक्त लहरी पुढे गेलेल्या असतात. तिथून जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, एक लाख ओहमचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवला की ती जागा नेहमी शून्यावर बसते. आता ट्रान्झिस्टरने तिला शून्याशी शॉर्ट केलं काय आणि सोडलं काय, पातळी शून्यच. उडी मारायला उंचीच नाही. त्या एका रेझिस्टरची किंमत कटिंग चहाच्या आसपाससुद्धा नसते, पण नसला तर कपॅसिटरची ती बाजू हवेत तरंगत राहते, कुठल्या तरी भलत्याच व्होल्टेजवर जाऊन बसते आणि स्विच लागला की टक्.

पण माझ्याकडच्या बोर्डावर हे करायला दोन ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) कापावे लागणार होते आणि ट्रॅक इतके बारीक की माझा हात धजेना. म्हणून दुसरा उपाय, उडी राहू दे पण ती हळू मारू. माईकच्या सप्लायवर 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. कपॅसिटर म्हणजे छोटी टाकी, सप्लाय तुटला तरी ती हळूहळू रिकामी होते. लावून बघितलं तर बटण दाबताना टक् गायब, आणि सोडताना आधीपेक्षा काडीचाही कमी नाही! थोडा वेळ कळेचना. मग लक्षात आलं की टाकी रिकामी व्हायची वाट बारीक आहे, माईक पितो तेवढाच करंट, पण भरायची वाट म्हणजे थेट ट्रान्झिस्टर, धाडकन भरते. मग भरण्याच्या वाटेत एक हजार ओहमचा रेझिस्टर टाकला. एक हजार गुणिले 10 मायक्रो म्हणजे 10 मिलिसेकंद, साधारण एवढ्या वेळात पातळी चढते. आता टक् जाऊन अगदी मंद ‘ढब्’ उरलाय, तोही कान देऊन ऐकलं तर.

हळू केल्याने नेमकं काय झालं? टेलिफोनला 300 ते 3400 हर्ट्झच्या मधलंच नीट ऐकू येतं. उडी 10 मिलिसेकंदांवर पसरवली की तिच्यातला वरचा भाग कमी होत जातो, 300 हर्ट्झला तो सुमारे 19 पट कमी होतो आणि त्याच्या वर अजून कमी. जे उरतं ते 300 च्या खाली, जिथे फोन जवळजवळ बहिरा आहे. स्कूटरचा क्लच एकदम सोडला तर मागे बसलेला पडतो, हळू सोडला तर त्याला कळतही नाही, गाडी मात्र तेवढ्याच वेगाला पोचते.

तिसरी गोष्ट क्रम. मोहरी टाकायच्या आधी झाकण हातात घेतो तसं, आधी म्यूट, मग टोन, टोन थांबला की थोडं थांबून म्यूट काढायचं. बऱ्याच डायलर चिप हा क्रम स्वतः पाळतात, फोन बनवणारा मधे काही घुसडतो तेव्हा तो बिघडतो.

आणि कानाच्या स्पीकरवर उलटसुलट लावलेले दोन डायोड. डायोडला साधारण 0.6 व्होल्टच्या वर गेलं की वाट मिळते, त्याच्या खाली तो गप्प असतो. बोलण्याचा सिग्नल त्याच्या खालीच राहतो म्हणून आवाजावर परिणाम नाही, मोठा धक्का आला की डायोड तो पिऊन टाकतात. जुन्या फोनमध्येही याच कामाला एक भाग कानाच्या कॅप्सूललाच जोडलेला असायचा. पण हा हेल्मेटसारखा आहे, डोकं वाचवतो, अपघात टाळत नाही. छोटे टक् याने जात नाहीत.

“कपॅसिटर मोठा टाका, सगळं गुळगुळीत होतं”

हा सल्ला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात मला स्वतःला मिळालाय, आणि तो अर्धाच खरा आहे. सप्लायवरचा कपॅसिटर मोठा केला तर बरं. पण सिग्नलच्या वाटेतला, म्हणजे डीसी अडवून लहरी पुढे सोडणारा, तो मोठा केला तर उलटं होतं. पातळी बदलली की त्याला नव्याने भरावं लागतं आणि जेवढा मोठा तेवढा वेळ धक्का पुढे वाहत राहतो, टक् चा ‘धप्प’ होतो. पुढे 10 हजार ओहम असतील तर 0.1 मायक्रोफॅरडला हे काम एका मिलिसेकंदात होतं, 10 मायक्रोफॅरडला 100 मिलिसेकंद लागतात. आणि 0.1 वाला 160 हर्ट्झच्या वरचं सगळं बऱ्यापैकी सोडतोच, फोनला 300 पासून पाहिजे. म्हणजे इथे छोटाच बरा. हायफायवाल्यांची सवय फोनला लावू नये.

मग अजून हळू करा, 100 मिलिसेकंद

करता येत नाही, कारण एक्स्चेंजमधला टोन ओळखणारा रिसीव्हर घड्याळ लावून बसलाय. एमटी8870 ही प्रसिद्ध रिसीव्हर चिप (आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कितीतरी पोरांनी मोबाईलने चालणारा रोबोट याच चिपवर बनवून प्रोजेक्टचे मार्क घेतलेत) नेहमीच्या जोडणीत साधारण 40 मिलिसेकंद टोन सलग ऐकला तरच आकडा मानते, दोन आकड्यांमध्ये गॅपही तेवढीच मागते. रीडायल करताना चिप स्वतः टोन पाठवते ते आपल्या बोटापेक्षा खूप आखूड असतात. त्यात टोनच हळूहळू चढवत बसलात तर आकडे गळणार. आणि म्यूट फार हळू केलं तर टोन सुरू झाल्यावरही माईक जागा राहतो आणि मिक्सर आत येतो. माझ्या जुगाडात हे थोडं होतंच, दाबताना टाकी रिकामी व्हायला 80 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. आईचं बोट बटणावर त्याहून जास्त वेळ असतं म्हणून निभावतं.

टक् मुळे चुकीचा नंबर लागतो का?

नुसत्या टक् ने आकडा बनत नाही, दोन सूर चाळीस मिलिसेकंद लागतात आणि टक् तर एका-दोन मिलिसेकंदांत मेलेला असतो. पण टोनच्या मध्येच टक् आला आणि टोन तुटला तर 5 चा 55 होऊ शकतो. बँकेच्या कॉलवर पिन टाकताना “आपण टाकलेला क्रमांक चुकीचा आहे” ऐकून आपण स्वतःवर चिडतो, तेव्हा कधीकधी कीपॅड थडथडत असतो. रबरी बटणाखालची कार्बनची टिकली मळली की एका दाबण्यात संपर्क चार वेळा जुळतो-तुटतो. तिथे सर्किट बदलायची गरज नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातली काडी पुरते.

टोनच्या चिपच्या जागी मायक्रोकंट्रोलर (आपण प्रोग्राम लिहितो ती चिप) लावला तर

तर टक् हमखास येतो, कारण बहुतेक जण प्रोग्राम असा लिहितात की टोन नसताना आउटपुट शून्यावर आणि टोन सुरू झाला की लाट मध्यावर, म्हणजे पाच व्होल्टच्या बोर्डवर अडीच व्होल्टभोवती फिरते. शून्य ते अडीच, हीच ती उडी, आता सॉफ्टवेअरमधून. चालू करतानाच एकदा सावकाश मध्यावर नेऊन तिथेच ठेवायचं, टोन असो नसो. दोन्ही सूर शून्यापासून सुरू करायचे, आणि शेवटी कुठेही कापण्यापेक्षा पाचेक मिलिसेकंदांत आवाज उतरवत न्यायचा. ओळी दहासुद्धा लागत नाहीत.

मोबाईलच्या जमान्यात हे कोणाला पाहिजे

मोबाईलवर कॉल चालू असताना 2 दाबला की जो बीप ऐकू येतो तो तुमच्या फोनने तुमच्या समाधानासाठी वाजवलेला असतो. साध्या जीएसएम कॉलमध्ये नेटवर्कला नुसता निरोप जातो, ‘2 दाबलाय’, आणि खरा टोन पलीकडे नेटवर्क बनवतं. इंटरनेटवरच्या कॉलमध्येही आवाज दाबून पाठवताना टोन खराब होतात म्हणून आकडे बहुतेकदा वेगळ्या पाकिटात जातात. त्यामुळे टक् चा प्रश्न तिथे निघालाच नाही. पण सोसायट्यांचे इंटरकॉम, हॉटेलच्या खोल्या, हॉस्पिटलचे वॉर्ड, कारखाने, लिफ्टमधला आणीबाणीचा फोन, इथे अजून दोन तारा आणि डीसी भरपूर आहे.

आईचा फोन परत भिंतीवर गेलाय. आकड्यांचे फटाके बंद आहेत, पण रिसीव्हर उचलताना एक बारीक टक् अजून येतो, तारेतून करंट सुरू होतो तेव्हाचा. तोही घालवू का विचारलं तर म्हणाली, “नको, तो राहू दे. तो आला की कळतं लाइन चालू आहे.”